बन्नूरची रिंग

तुळसीबाईंच्या घरात सकाळचा पहिला फोन कुणी उचलायचा नसे. हे घरातल्या सगळ्यांना, अगदी भांड्याला येणाऱ्या बाईलासुद्धा ठाऊक होतं. पूजा आटपून तुळसीबाई कॉफीचा लोटा घेऊन पुढच्या खोलीत यायच्या, खिडकीपाशी बसायच्या, आणि कॉफीवरचा फेस विरायच्या आत बन्नूरहून अक्काची रिंग यायची. एकदाच वाजायची आणि थांबायची. म्हणजे अक्का उठली, न्हाली, देवाला फुलं वाहून झाली, ठीक आहे. मग तुळसीबाई उलट एक रिंग द्यायच्या आणि लगेच कापायच्या. म्हणजे कळलं. एवढं झालं की दोघींचा दिवस सुरू व्हायचा.

लांब वाजला तर मात्र धावत जाऊन उचलायचा. लांब वाजणं म्हणजे काहीतरी झालंय. नरसिंहराव, म्हणजे अक्काचे यजमान, गेले त्या पहाटे तो तसा वाजला होता आणि तुळसीबाईंनी उचलायच्या आधीच ओळखलं होतं.

ही रीत नरसिंहरावांनीच घालून दिली. बन्नूरच्या शाळेत मास्तर होते. हात राखून खर्च करणारा माणूस. घरी पहिल्यांदा फोन आला तेव्हा गावाबाहेर बोललं की बिल चढायचं. अक्का रोज सकाळी धाकट्या बहिणीशी बोलायला आसुसलेली, आणि हे वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "बोलतेस कशाला? रिंग दे, ठेव. उचलली नाही तर पैसे पडत नाहीत. कंपनीला फुकट राबू दे जरा." दोघी बहिणी तेव्हा खूप हसल्या होत्या. पण हसता हसता सवय लागली, आणि सवयीचा नेम झाला. नरसिंहराव गेले, काळा फोन गेला, बटणांचा मोबाईल आला, बोलणं फुकट झालं, तरी रिंग चालूच राहिली.

"अम्मा, आता मिनिटाचे पैसे नसतात गं," मुलगा संकर्षण म्हणायचा. "महिन्याचं एकदा भरलं की दिवसभर बोला दोघी."

"बोलतो की एकादशीला," तुळसीबाई म्हणायच्या. "सकाळी उठून काय बोलायचं? सकाळी माणूस आहे एवढं कळलं की साकु, तेवढं पुरे."

त्यांच्या लहानपणी हेसुद्धा कळायचं नाही. म्हैसूरच्या अग्रहारात सबंध गल्लीत मिळून एक फोन होता, डॉक्टरांच्या घरी, आणि त्यावर विणलेलं झाकण असे. अक्काचं लग्न होऊन ती बन्नूरला गेली तेव्हा तुळसीबाई शाळेत होत्या. तिची फार आठवण आली की रडायच्या. वडील म्हणायचे, ट्रंक कॉल लावून वाट बघत बसण्यापेक्षा बसनं जाऊन, जेवून, परत येणं लवकर होतं. आणि खरंच घेऊन जायचे. उसाच्या शेतांमधून बस जायची, अक्का दारात उभी असायची, कुणी कळवलेलं नसतानाही. "मला वाटलंच तू येणार, तुळशे," म्हणायची.

आता त्यांना तुळशे म्हणणारी तेवढी एकच उरली होती. म्हैसुरातल्याच विजयनगरच्या या घरात मराठी होती, पण ती पाहुण्यासारखी. संकर्षण आईशी अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलायचा. सून पावनी कन्नड घरातली. वीस वर्षांत बरीच शिकली होती, पण राग आला की कन्नडच. नात अन्विताला भात, पाणी, ये, जा एवढं यायचं. एकादशीच्या फोनवर मात्र दोघी बहिणी आईची भाषा बोलायच्या. आईचे शब्द, आईच्या शिव्यासुद्धा. पावनी दाराशी थांबून ऐकायची आणि म्हणायची, "अत्ते, तुम्ही अक्कांशी बोलताना दुसऱ्याच कुणीतरी असता."

अक्काला मूलबाळ नव्हतं. तिनं म्हैसूरला येऊन राहावं म्हणून तुळसीबाईंनी किती आर्जवं केली. ती ऐकायची नाही. "तुझ्या घरी मला विहीर आहे का? नळाच्या पाण्यानं माझं न्हाणंच होत नाही बघ." शेजारची सुष्मा येता-जाता बघायची, फुलं आणून द्यायची. बाकी सकाळची रिंग होती.

दसऱ्याला संकर्षणनं दोघींना मोठे फोन आणून दिले, तोंड बघत बोलायचे. हौसेनं बन्नूरला जाऊन अक्काला शिकवून आला. पहिल्याच दिवशी अक्का म्हणाली, "तुझं नाक एवढं मोठं कधी झालं गं?"

"तुझ्या फोनात मोठं दिसतंय. माझ्या फोनात तर तुला डोकंच नाही, नुसती हनुवटी आहे."

"हनुवटी तरी बरी आहे का?"

"बाबांची आहे."

अन्विता पोट धरून हसत होती. तेवढ्यात अक्काचं चित्र थांबलं. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, मान कलती. वर एक गोल फिरत राहिला. आवाज नाही, हालचाल नाही. तुळसीबाईंनी फोन पालथा घातला.

"नेट स्लो आहे अज्जी, येईल आता," अन्विता म्हणाली.

"नको येऊ दे. जित्या माणसाला असं बघू नये."

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्या दिवशीही. अक्काकडून निरोप आला की हे तोंडाचं यंत्र मला नको, तुळशीचं तोंड वाकडं करून दाखवतं. तो मोठा फोन तिनं कपाटात ठेवून दिला आणि पुन्हा बटणांचा हातात घेतला. बारीक आकडे तिला दिसायचे नाहीत, म्हणून संकर्षणनं त्यात एकच बटण धरून ठेवलं की तुळसीबाईंना लागेल अशी सोय केली होती. बाकी कुणाला फोन करायचं तिला कामच नव्हतं.

मग मेसेज यायला लागले. नेटवर्क सुधारतंय, तुमच्या भागात नवी सेवा येतेय, गैरसोयीबद्दल क्षमा. वरच्या मजल्यावर निशांत भाड्यानं राहायचा, नाशिककडचा मुलगा, टॉवरांची कामं करणाऱ्या कंपनीत इंजिनियर. तुळसीबाईंनी त्याला जिन्यातच गाठलं.

"निशांत, बन्नूरचा फोन लागत नाही बाबा. लावला की ती बाई सांगते, अक्का व्याप्तीच्या बाहेर आहे. व्याप्तीच्या बाहेर म्हणजे कुठं? ती तर तिच्या न्हाणीघरापलीकडं जात नाही."

निशांत हसला. "काकू, त्या पट्ट्यात जुनी यंत्रं उतरवून नवी बसवतायत. जुनं हळूहळू बंद करायचं, नवं चालू करत न्यायचं. मधे थोडी ओढाताण होते. फोन लागतो, तुटतो. पण एकदा झालं ना, की शेताच्या मधोमध उभं राहून पिक्चर बघता येईल."

"अक्काला शेतात पिक्चर बघायचा नाही."

"आठवडाभर कळ काढा."

"आमच्या वेळेला लाइनमन खांबावर चढायचा," तुळसीबाई म्हणाल्या. "वरून ओरडून विचारायचा, आलं का? आम्ही खालून सांगायचो, आलं. आता तुम्ही कुणाला विचारता?"

"आम्हाला स्क्रीनवर दिसतं काकू."

एवढ्या गोंधळातही सकाळची रिंग येत होती. कधी उशिरा, कधी अर्धवट, खरखरत, पण यायची. तुळसीबाईंची उलट रिंग कधी पोचायची, कधी नाही. एवढंसं तर काम होतं तिचं. मोठ्या बोलण्याला ताकद लागते, तुळसीबाई म्हणायच्या, एका रिंगेला काय लागतंय.

कार्तिक संपत आला होता. लग्नांचे दिवस. त्या सकाळी तुळसीबाई अजून निरांजन लावत होत्या तोच फोन वाजला. एकदा. थांबला.

"आज अक्का लवकर उठली," त्या तिथूनच म्हणाल्या.

हात पुसून त्या पुढच्या खोलीत येईतो पुन्हा वाजला. एकदा. थांबला. कॉफी ओतेपर्यंत आणखी एकदा.

पावनी डबा भरत होती. "अक्कांना आज रिंग देऊन पुरत नाही वाटतं."

"पहिली पोचली नाही असं वाटलं असेल तिला. मी उलट दिली नाही ना अजून." तुळसीबाईंनी फोन लावला. बाईनं सांगितलं, व्याप्तीच्या बाहेर. पुन्हा लावला. पुन्हा तेच. त्यांनी फोन खाली ठेवला तर परत बन्नूरची रिंग. एकच.

"अय्यो, दम धर की जरा," त्या फोनला म्हणाल्या.

मग एकदाचा त्यांचा फोन लागला. तिकडं वाजल्याचा आवाज कानात आला, स्वच्छ, कितीतरी दिवसांत आला नव्हता इतका. एक रिंग पुरी होऊ दिली आणि त्यांनी अंगठ्यानं लाल बटण दाबलं. दाबता दाबता काचेवर क्षणभर आकडे पळायला लागलेले दिसले, पलीकडं कुणी उचलल्यावर पळतात तसे. मग ते गेले.

"बघ," त्या हसून पावनीला म्हणाल्या, "उचलायला आली. एवढ्या वर्षांचा नेम विसरली. म्हातारी झाली गं आमची अक्का."

त्यानंतर रिंग आली नाही. तुळसीबाईंना वाटलं, समाधान झालं तिचं.

दुपारी मात्र त्यांना चैन पडेना. कशामुळं ते सांगता येत नव्हतं. एवढ्या वेळा का वाजवला, हेच मनात येत होतं. त्यांनी खरा फोन लावून पाहिला, बोलायचा. लागला नाही. जेवून लावला, झोप मोडून लावला. व्याप्तीच्या बाहेर. सुष्माचा नंबर संकर्षणकडं होता. तो बेळगोळच्या कारखान्यात कामाला होता, तिथं त्याला फोन केला, तो म्हणाला लावून बघतो. संध्याकाळी घरी आला तेव्हा बूट काढता काढता म्हणाला, "सुष्माचाही लागत नाही. सगळा बन्नूरच बंद आहे, अम्मा. माझ्या ऑफिसातल्या एकाचं सासर तिकडं आहे, त्याचंही तेच."

"मी उद्या सकाळच्या बसनं जाऊन येते."

"एकटी? स्टँडवर चढ-उतार, गुडघे काय म्हणतील? रविवारी मी गाडीनं नेतो की. सकाळी रिंग आली होती ना?"

"आली. चार-पाचदा आली."

"मग? ज्याला काही झालंय तो एक रिंग देऊन गप्प बसेल का? लांब वाजवेल. तुमचाच नियम आहे."

नियम त्यांचाच होता. पावनीही म्हणाली, "फोन करता येतोय म्हणजे चांगल्याच आहेत, अत्ते. सुम्ने, उगाचच जिवाला घोर लावून घेताय." तुळसीबाईंनी नऊवारीची घडी पिशवीतून परत कपाटात ठेवली. बस पकडायची म्हणून त्यांनी ती संध्याकाळीच काढून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी कॉफी निवली तरी फोन गप्प होता. अन्वितासुद्धा शाळेची बॅग घेऊन दारात घुटमळत होती. मग वाजला. एकदा. थांबला.

"आली," अन्विता म्हणाली आणि पळाली.

पावनीनं हुश्श केलं. संकर्षण चावी घेऊन बाहेर पडता पडता म्हणाला, "झालं ना समाधान?" तुळसीबाईंनी उलट रिंग द्यायला फोन लावला. लागला नाही. असू दे, आपल्याला तिची कळली, त्यांनी मनाशी म्हटलं. त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. इतकं उतरलं की त्यांनी बाजारातून आणलेले अवऱ्याचे, म्हणजे पावट्याचे, दाणे रात्रभर भिजले होते ते पुढ्यात घेतले आणि दुपारभर एकेक दाणा चिमटीत दाबून सोलत बसल्या. अक्काला सोललेल्या अवऱ्याची आमटी फार आवडायची, पण तिची बोटं आता दुखायची, सोलणं होत नसे. रविवारी डबा भरून न्यायचा. आई सोलताना जी गाणी म्हणायची त्यातलं एक कडवं आठवत होतं, दुसरं आठवेना. तेही अक्काला विचारायचं होतं.

दिवेलागणीला संकर्षण घरी आला. सोफ्यावर बसला, आणि त्याचा फोन एकदम थरथरायला लागला. एकामागून एक मेसेज पडत होते, दिवसभर कुठंतरी अडकून राहिलेले. बरेचसे सुष्माचे होते, आवाजाचे. त्यानं पहिला लावला. सुष्मा कन्नडमध्ये रडत-धापत बोलत होती. लग्नाला गेले होते, आत्ता आले. अज्जी मागच्या पायरीशी पडल्यात. अंग गार आहे. शुद्ध आहे पण बोलत नाहीत. फोन लागत नाही, कुणाचाच लागत नाही. पुढच्या मेसेजमध्ये गाडी मिळाल्याचं होतं. त्याच्या पुढच्यात म्हैसूरच्या दवाखान्याचं नाव.

संकर्षणनं तिसरा मेसेज संपायच्या आत चावी उचलली. सुष्मा दुपारी बन्नूरला ओरडत होती आणि तिचा आवाज आत्ता घरात येत होता. अक्का केव्हाच म्हैसुरात येऊन पोचली होती, त्यांच्यापासून चार रस्त्यांवर, आणि ह्या अवरे सोलत बसल्या होत्या.

दवाखान्यात डॉक्टरीण तरुण होती, थकलेली. तिनं संकर्षणला बाजूला घेतलं, पण तुळसीबाई मागोमाग गेल्याच. डोक्यात रक्ताची गुठळी. उजवी बाजू गेली. वाचा गेली. "हे काल सकाळीच झालेलं आहे," ती म्हणाली. "पहिल्या काही तासांत आणलं असतं तर बरंच करता आलं असतं. आता जे गेलंय ते परत येईल असं मी सांगणार नाही."

"काल सकाळी नाही," संकर्षण म्हणाला. "आज सकाळीही त्यांनी फोन केलाय."

डॉक्टरीण पुढच्या खाटेकडं वळली.

सुष्मा बाकावर बसली होती, अंगावर अजून लग्नातलं रेशमी लुगडं. तिनं तुळसीबाईंचे हात धरले. "डाव्या हातात फोन होता, अम्मा. मी काढायला गेले तर सोडेनात. गाडीतसुद्धा सोडला नाही."

तुळसीबाई तिच्या शेजारी बसल्या. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. निरांजनाच्या वेळेपासूनची प्रत्येक रिंग त्यांच्या कानात पुन्हा वाजत गेली. फुलं तोडून येताना पडली असणार. त्या वेळी ती नेहमी मागच्या पायरीवर असते. फोन कमरेला खोचलेला. एकच बटण धरून ठेवायचं. तिनं धरलं, वाजत राहील म्हणून वाट पाहिली, ते तुटलं. पुन्हा धरलं.

चार दिवसांनी निशांत दवाखान्यात फळं घेऊन आला. तुळसीबाईंनी त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं.

"मला एक सांग. तिकडून लांब वाजवलेला फोन इकडं एकदाच वाजून तुटू शकतो?"

निशांतनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली. "त्या दिवसांत शकतो काकू. जुन्या टॉवरवरून कॉल निघाला आणि मधेच नव्यावर ढकलला गेला की पडायचा. तशा तक्रारी पुष्कळ आल्या होत्या."

"आणि इथून केलेला? एकदा लागला होता. मला तिकडं वाजलेलं ऐकू आलं."

"मग वाजलाच असणार."

"तिनं उचलला असता तर बोलता आलं असतं?"

त्यानं पिशवीतली फळं सारखी केली. मग म्हणाला, "सांगता येत नाही. कदाचित लगेच पडलाही असता."

"कदाचित."

"आता सगळं नीट झालंय तिथं," तो घाईनं म्हणाला. "परवाच काम संपलं. फुल सिग्नल आहे बन्नूरला." बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकवेना, तो उठून डॉक्टरांना भेटतो म्हणून निघून गेला.

संकर्षण रागानं पेटला होता. कंपनीला मेल करतो, ग्राहक मंचात जातो म्हणत होता. "अम्मा, तू कशाला मनाला लावून घेतेस? टॉवरनं कॉल कापला. तुझी काय चूक?"

"टॉवरनं तिचा कापला," तुळसीबाई म्हणाल्या. "माझा मी कापला. ती उचलत होती."

"तू नेहमीसारखं केलंस."

"हो. ते तिलाही माहीत आहे. मी रिंग दिली म्हणजे 'कळलं' असंच तिला म्हणाले. पायरीवर पडून तिनं ते ऐकलं."

संकर्षणनं आईच्या पाठीवरून हात फिरवला, आणि थोड्या वेळानं औषधाची चिठ्ठी घेऊन खाली गेला.

अक्काला विजयनगरला आणलं. शेवटी ती म्हैसूरला राहायला आली, विहीर नसलेल्या घरात. पुढच्या खोलीत खिडकीपाशी खाट टाकली. दिवसा एक नर्स यायची. अक्काचं तोंड डावीकडं ओढलेलं असायचं, डोळे उघडे. डोळे सगळीकडं फिरायचे. पावनी आली की पावनीवर जायचे, अन्विताच्या हातातल्या पुस्तकावर जायचे, पंख्यावर जायचे. तुळसीबाई समोर बसल्या की भिंतीकडं वळायचे.

"त्यांना आपण कळतो का?" संकर्षणनं डॉक्टरणीला विचारलं होतं.

"काही कळत असेल, काही नसेल. कुठलं कळतंय ते सांगायला काही साधन नाही. एका बाजूचं दिसतच नसेल, असंही असतं."

तुळसीबाईंनी खुर्ची उचलून दुसऱ्या बाजूला मांडली. डोळे तिथूनही वळले.

त्या बोलत राहिल्या. रोज, घरात कुणी नसताना. आईच्या भाषेत, जी आता घरात दुसऱ्या कुणाला पुरती कळत नव्हती. "अक्का, ऐक. तिकडं यंत्रं बदलत होते. तुझा फोन इथं एकदाच वाजायचा आणि पडायचा. मला वाटलं तू ठीक आहेस. एकदा वाजला की ठीक, असंच होतं ना आपलं?" यंत्रं कुठली, टॉवर कसला, पडणं म्हणजे काय, हे त्यांना स्वतःलाच धड सांगता येत नव्हतं. ज्या भाषेत त्या दोघींनी रुसवे-फुगवे काढले, सासरचं सांगितलं, मेलेल्यांना रडून घेतलं, तिच्यात ह्या गोष्टीला शब्दच नव्हते. त्या निशांतचे शब्द वापरायच्या आणि ते अक्काच्या अंगावरून पाण्यासारखे निघून जायचे. "मी मुद्दाम नाही गं कापला." एकदा त्यांनी अक्काचा डावा हात हातात घेतला. तो जिता होता, चांगली ताकद होती त्यात. अक्कानं तो सोडवून घेतला आणि पांघरुणाखाली नेला.

पावनी म्हणाली, "अत्ते, त्या सगळ्यांनाच असं करतात. परवा नर्सलाही ढकललं."

तुळसीबाईंना ते खरं मानायचं होतं. अक्काला काही कळत नाही, असं मानलं तर अक्का गेली. कळतं असं मानलं तर ती सगळं जाणून भिंतीकडं बघते आहे. रात्रंदिवस त्या या दोहोंमध्ये फिरत राहायच्या आणि कुठंच टेकता यायचं नाही.

एका रविवारी त्यांनी पुन्हा अवरे आणले, भिजवले, सोलले. आमटी मऊ शिजवली, भात कालवून गाळल्यासारखा केला, तूप घातलं. वाटी घेऊन खाटेशी बसल्या. "अक्का, सोललेल्या अवऱ्याची आमटी. आईसारखी नाही झाली, पण बघ तरी." चमचा तोंडाशी नेला. अक्कानं ओठ मिटले. त्यांनी थांबून पुन्हा नेला. आमटी हनुवटीवरून ओघळली, बाबांसारख्या त्या हनुवटीवरून, आणि तुळसीबाईंनी ती पदरानं टिपली. अक्काची मान भिंतीकडं गेली होती.

तुळसीबाई उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन पावनीला म्हणाल्या, "तू दे जरा. तुझ्याकडून खाते."

पावनीनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं, वाटी घेतली आणि बाहेर गेली. तुळसीबाई दाराआड उभ्या राहिल्या, खाटेवरून दिसू नये इतक्या आत. पावनी कन्नडमध्ये लाडीगोडी लावत होती, लहान मुलाला लावतात तशी. मग चमचा वाटीच्या तळाला लागल्याचा आवाज आला, आणि पुन्हा, आणि पुन्हा.

"सगळं खाल्लं, अत्ते," पावनीनं बाहेरूनच सांगितलं. "आणखी आहे का?"

"आहे की," तुळसीबाई म्हणाल्या, आणि पातेल्यावरचं झाकण काढलं.